लांडग्याचे दात कोणी काढले?

आमच्या आईने उभी हयात बालवाडीत काढली. माझा मामेभाऊ बालनाट्यं लिहितो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी त्याने ‘लाल टोपीवाली’ची गोष्ट नव्याने, विनोदी करून लिहिली आणि संहिता आईच्या हातात ठेवली. त्याचा लांडगा शाकाहारी आहे आणि जिमला जातो. आजी मोबाइलवरून पिझ्झा मागवते. लाल टोपीवाली जंगलात रील काढते. आईने एका बैठकीत सगळं वाचलं, मध्ये एकदोनदा हसली (ते भावाने टिपलं), आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं बोलणं मी जमेल तसं उतरवून घेतलं आहे. दोघांचंही सगळं मला पटलेलं नाही. ते मध्ये मध्ये सांगेनच.

आई : तुझा लांडगा खातो काय रे?

भाऊ : गाजरं. वर प्रोटीन शेक. तीच तर गंमत आहे, आत्या. सगळ्यांना वाटत असतं, आता हा खाणार, आता खाणार...

आई : आणि तो खात नाही. मग त्या पोरीने घाबरायचं कशाला? आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी आईचा हात धरायचा कशाला?

भाऊ : धरायलाच नको. तीनशे वर्षं घाबरवून झालं त्यांना. आता जरा हसू दे.

आई : हसू दे की. पण मूळ गोष्टीतलं सगळं काढून टाकल्यावर ते हसणार कशाला?

भाऊ : मूळ गोष्ट कुठली? शार्ल पेरोने १६९७ साली पॅरिसमध्ये छापली ती? तिच्यात लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. शिकारी येत नाही, कुणी पोट फाडत नाही, कुणी जिवंत बाहेर येत नाही. खाली पद्यात तात्पर्य जोडलंय, की मुलींनी गोडगोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून जास्तच सांभाळून राहावं. तू बालवाडीत ही सांगायचीस?

आई : नाही बाबा. मी शिकाऱ्याची सांगायचे.

भाऊ : म्हणजे ग्रिम बंधूंची, १८१२ ची. ती त्यांना कासेल शहरातल्या हासेनफ्लुग घरातल्या मुलींकडून मिळाली. त्या घराला फ्रेंच वळण होतं. म्हणजे अस्सल जर्मन लोककथा म्हणून जी छापली, तीच मुळात सीमेपलीकडून आलेली. आणि तिला ग्रिमनी आणखी एक शेपूट जोडलंय, ते कुणी सांगतच नाही. पुढे एकदा दुसरा लांडगा येतो. या वेळी मुलगी रस्त्यात त्याच्याशी बोलत बसत नाही, तडक आजीकडे जाते. लांडगा छपरावर चढून बसतो, ही संध्याकाळी घरी निघेल तेव्हा धरू म्हणून. आजी म्हणते, काल मी सॉसेजेस उकडली होती, ते पाणी दारातल्या दगडी डोणीत नेऊन ओत. पोरगी बादल्या भरभरून ओतते. मटणाचा वास वर जातो, लांडगा हुंगतो, मान पुढे काढतो, आणखी पुढे काढतो, आणि घसरून थेट डोणीत. बुडून मेला.

इथे आई मनापासून हसली. संहिता वाचताना हसली होती त्याहून जास्त, असं माझं निरीक्षण.

आई : हे फारच छान आहे. वास घेत घेत मान लांबवतो, हे करून दाखवायला किती मजा येईल! हे का नाही घेतलंस?

भाऊ : अं... सॉसेज आपल्याकडे कुणाला कळणार?

आई : पिझ्झा कळतो ना?

भाऊ : ते सोड. माझा मुद्दा वेगळा आहे. ‘मूळ’ म्हणून तू ज्याला जपतेस, ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने बदललेलं आहे. ग्रिमनी स्वतःच आपलं पुस्तक १८५७ पर्यंत बदललं, सात आवृत्त्या काढल्या. हिमगौरीचा जीव घ्यायला उठलेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला लावणारी बाईसुद्धा सख्खीच. पुढे दोघी सावत्र झाल्या. रॅपन्झेल पहिल्या आवृत्तीत चेटकिणीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे अलीकडे घट्ट का होतात? कळणाऱ्याला कळलं. पुढे ते वाक्य गेलं. जर्मन मध्यमवर्गीय घरांत पुस्तक खपायला हवं होतं ना! त्यांनी केलं ते संस्करण, आणि मी केलं तर टवाळी?

आई : कात्री चालली, हे मला मान्य आहे. पण तूच सांगितलंस त्यात बघ. आईची सावत्र आई झाली, शिकारी आला, दुसरा लांडगा आला. एकानेही लांडग्याचे दात काढले नाहीत. ते तू काढलेस.

भाऊ : बरं, टवाळीचं बोलू. जॅक आणि वेलाची गोष्ट घे, वेलावर चढून राक्षसाच्या घरातलं धन पळवतो तो जॅक. ती छापील स्वरूपात सगळ्यात आधी कधी सापडते? १७३४ साली, लंडनमधल्या एका करमणुकीच्या पुस्तकात. त्यात नायकाचं नाव जॅक स्प्रिगिन्स, आणि सगळा सूर थट्टेचा. म्हणजे गंभीर गोष्ट छापून व्हायच्या आधीच तिचं विडंबन छापून झालं होतं! मग १८०७ मध्ये टाबार्ट नावाच्या प्रकाशकाला वाटलं, हा जॅक तर उघडउघड चोर आहे, मुलांवर काय संस्कार होणार? म्हणून त्याने एक परी घुसवली. ती सांगते, राक्षसाने तुझ्या बापाला मारून त्याचं सगळं लुबाडलंय, तेव्हा तू ते घेतलंस तर चोरी नाही. पुढे १८९० मध्ये जोसेफ जेकब्सने ती परी हाकलली आणि लहानपणी ऐकली होती तशी गोष्ट सांगितली. आता यातली मूळ कुठली आणि विनोदी रूप कुठलं, ते तू ठरव.

मला इथे भावाचं पटलं. विडंबन म्हणजे जुन्या घरावर चढवलेला नवा मजला, असं आपण धरून चालतो. पण तोंडी सांगणाऱ्याच्या आवाजात थट्टा पहिल्यापासून असणारच. ती गेली छापताना, कारण पुस्तकं विकत घेणारे आईबाप होते आणि त्यांना तात्पर्य हवं होतं. आईला हे उत्तर जड गेलं असावं, कारण ती उठून चहाचं आधण ठेवून आली.

आई : तुम्ही लोक त्या इंग्रजी विनोदी परीकथा वाचून लिहिता. त्यांत तुला सगळ्यात आवडते कुठली?

भाऊ : जेम्स थर्बरची लाल टोपीवाली. १९३९ ची, पानभरसुद्धा नाही. मुलगी दारातूनच ओळखते की पलंगावर आजी नाही. टोपी घातली म्हणून लांडगा आजीसारखा थोडाच दिसतो? ती टोपलीतून पिस्तूल काढते आणि लांडग्याला गोळी घालते. संपलं.

आई : तो कसा दिसत नाही, याला थर्बर काही उपमा देतो ना?

भाऊ : हो. सिनेमा कंपनीच्या चिन्हातला तो सिंह जितपत कॅल्विन कूलिजसारखा दिसतो, तितपतच.

आई : आता हा कूलिज कोण, ते आमच्या बालवाडीतल्या पोरांना सांग. त्यांच्या आयांना सांग. त्या काळी अमेरिकेत लोक हसले असतील, माजी राष्ट्राध्यक्ष होता तो. आज तो विनोद तळटीप मागतो. पण टोपलीतून पिस्तूल निघतं, त्याला आजही हसू येतं. का? टोपली गोष्टीतली आहे. टोपलीत केक आहे, असं आपल्याला दोनशे वर्षं सांगितलंय. तुझं रील आणि तुझा पिझ्झा हे तुझे कूलिज आहेत. आणखी पाच वर्षांनी हे नाटक कुणी करायला घेतलं, तर पहिल्यांदा तेच खोडावं लागेल.

भाऊ : पण आत्या, काळाचं सामान गोष्टीत घालणं हे पेरोपासून चालत आलंय. त्याच्या सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींच्या खोल्यांत लाकडी नक्षीची जमीन आहे, नखशिखान्त दिसेल असा मोठा आरसा आहे. चौदाव्या लुईच्या दरबारातली ती ताजी फॅशन होती. त्याचा तो पिझ्झाच!

आई : आणि ते कोणाच्या लक्षात राहिलं? बूट राहिला.

भाऊ : बूटसुद्धा काचेचा त्यानेच केला.

आई : मग चांगलं केलं त्याने. काचेचा बूट ताणून बसवता येत नाही, पायात जातो किंवा जात नाही. गोष्टीला उपयोगी पडला म्हणून टिकला. मी तुला सामान घालू नको म्हणतच नाही. घातलेलं सामान गोष्टीच्या कामाला येऊ दे.

तीन डुकरांचा विषय भावाने काढला तो आईला चीत करायला. अमेरिकन लेखक जॉन शेस्का याने १९८९ मध्ये लेन स्मिथच्या चित्रांसह ती गोष्ट लांडग्याच्या तोंडून सांगितली. लांडगा तुरुंगातून आपली बाजू मांडतो. आजीच्या वाढदिवसाचा केक करायचा होता, साखर संपली, शेजारी मागायला गेलो. सर्दी झालेली, शिंक आली, गवताचं घर कोसळलं, आत डुक्कर मेलेलं. आता तयार जेवण वाया घालवायचं का? दुसऱ्या घरीही तेच. तिसरा मात्र आजीबद्दल वाईटसाईट बोलला म्हणून डोकं फिरलं, आणि नेमके तेव्हाच पोलीस आले.

भाऊ : बघ. इथेही लांडगा निर्दोष आहे.

आई : निर्दोष? तो खोटं बोलतोय रे! चार वर्षांच्या पोरालाही कळतं. वाटी फोडून झाल्यावर आमची पोरं अगदी याच सुरात सांगायची, बाई, मी नुसता शेजारून गेलो आणि ती पडली. म्हणून तर ते हसतात, त्यांना तो थापाड्या आपल्यातला वाटतो. आणि खाल्लं का त्याने डुक्कर? खाल्लं. दोन खाल्ली. दात शाबूत आहेत त्याचे.

भाऊ : (बऱ्याच वेळाने) हं.

आई : याच्या उलट ते दुसरं पुस्तक. कुणाच्या भावना दुखावू नयेत अशा भाषेत लिहिलेल्या गोष्टींचं.

भाऊ : जेम्स फिन गार्नर. १९९४.

आई : तेच. तू दिलंस म्हणून वाचलं. हुशारीचं आहे, पण मुलांसाठी नाहीच ते. मोठ्यांनी मोठ्यांच्या बोलण्याची केलेली चेष्टा, परीकथेचा नुसता अंगरखा घातलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मोठ्यांनी वाचावं. माझी तक्रार आहे नाट्यगृहातल्या विनोदांबद्दल. रंगमंचावरचा मुलांच्या डोक्यावरून आईबापांना डोळा मारतो, आईबाप खदखदतात, आणि पोर वर बघून विचारतं, काय झालं? तिकीट पोराच्या नावाने काढायचं आणि विनोद बापाला पुरवायचा!

भाऊ : तिकिटाचे पैसे बापच देतो, आत्या.

हे त्याने गमतीत म्हटलं, पण बालनाट्य चालवणाऱ्याची अडचण खरोखर हीच आहे. मुलाला आणतो तो मोठा माणूस, आणि तो दोन तास कंटाळला तर पुढच्या वेळी आणत नाही. ‘श्रेक’ २००१ मध्ये आला तेव्हा जगभर चालला, त्यात दोन मजल्यांवरच्या विनोदाचा मोठा वाटा होता. आईला ही व्यवहाराची बाजू दिसत नाही. बालवाडीत बाप मागे बसत नसत.

भाऊ : तुला चालणारं उदाहरण देतो. ‘अलबत्या गलबत्या’. मतकरींची चिंची चेटकीण. आधी दिलीप प्रभावळकर, मग २०१८ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले. चेटकीण आली की मुलं हसायला लागतात. मोठे पण हसतात. कुठे आहे भीती?

आई : तू मागे उभा होतास, म्हणून तुला हसू ऐकू आलं. पुढच्या रांगेत बसून बघ. ती पहिल्यांदा येते तेव्हा पोरं खुर्चीत आक्रसतात. मग तिची फजिती झाली की सुटल्यासारखी हसतात. आक्रसली नसती तर तेवढी हसली नसती. चिंचीला तू शाकाहारी करून बघ, निम्मं थिएटर झोपेल.

भाऊ : मग तुझं म्हणणं काय, उलटी गोष्ट सांगायचीच नाही?

आई : कोण म्हणतं? मीच सांगायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुद्दाम चुकायचे. एक होती निळी टोपीवाली. की सगळा वर्ग ओरडायचा, लाआआल! तिला वाटेत भेटला एक हत्ती. लांडगाआ! गळे बसेपर्यंत ओरडायची.

भाऊ : हे तर रोदारीचं तंत्र! जान्नी रोदारी, इटलीचा. त्याच्या १९६२ च्या पुस्तकात आजोबा नातीला अगदी हीच गोष्ट चुकवत चुकवत सांगतात आणि नात वैतागून दुरुस्त करत राहते. पुढे १९७३ मध्ये शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने ही युक्ती पद्धत म्हणूनच मांडली. तुला कोणी शिकवलं?

आई : पोरांनी. एकदा खरोखरच चुकले होते, त्यांनी धरलं. आणि आमच्या शिक्षणात गिजुभाई बधेका होते. माँटेसरीबाईंना एवढ्या लहान वयात परीकथा नको होत्या. गिजुभाईंनी बाकी सगळं त्यांचं घेतलं, पण भावनगरच्या बालमंदिरात लोककथा मात्र भरभरून सांगितल्या. पण तू नीट ऐक. ती नात दुरुस्त का करू शकते? तिला गोष्ट पाठ आहे. चुकवायला आधी बरोबर माहीत लागतं. तुझ्या प्रेक्षकांतल्या किती मुलांनी सरळ लाल टोपीवाली ऐकलीय?

भाऊ : कमी. पण त्यांच्यासाठी माझीच गोष्ट पहिली असेल. जॅकचं तसंच झालं ना?

आई : मग पहिली म्हणून तिच्यात काय आहे ते बघ. एक लांडगा, गाजर खाणारा. एक मुलगी, फोनमध्ये बघणारी. होतं काय त्यात?

यावर तो गप्प बसला. मग त्याने जरा खालच्या मार्गाने हल्ला केला.

भाऊ : आणि आपल्या चिऊकाऊचं काय? कावळ्याचं घर शेणाचं, पावसात वाहून गेलं. तो भिजत दारात उभा, आणि चिमणीबाई आत बाळाला न्हाऊ घालतायत, पावडर लावतायत, झोपवतायत. शेवटी दार उघडतात आणि त्याला शेकायला तव्यावर बसवतात, चटका बसतो. मुलं हसतात. ज्याचं घर वाहून गेलं त्याला! त्यात दात कोणाचे आहेत, आत्या?

आई : ती गोष्ट मुलांना दार ठोठावायला आवडतं म्हणून चालते. चटक्यासाठी नाही.

(सोयीस्कर उत्तर. आई बालवाडीत चटका गाळून टाकायची आणि कावळ्याला गरम भात द्यायची, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे संस्करण ती स्वतःही करत होती, आणि ग्रिमइतक्याच निमूटपणे. मी तसं म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.)

आई : पण ही उलटायला हरकत नाही. हिच्यात उलटायला काहीतरी आहे. मेणाचं घर पावसाळ्यात टिकलं. पुढे चैत्र येतो की नाही?

भाऊ : म्हणजे?

आई : मेण वितळतं रे. चिमणी पिल्लांना घेऊन कावळ्याच्या दारात. त्याने नवीन घर बांधलंय, शेणानेच सारवलेलं, आत गारवा. आणि आता दार वाजवायची पाळी तिची. थांब हं चिऊताई, माझ्या बाळाला न्हाऊ घालतोय. कावळ्याचं बाळ किती वेळ न्हाऊ घालशील तरी काळंच, ते काही संपतच नाही!

भाऊ आता कागद शोधत होता.

भाऊ : यात मी बाहेरून काहीच घातलं नाही.

आई : नाहीच घातलंस. शेण, मेण, पाऊस, ऊन. सगळं तिथेच होतं.

भाऊ : तुला एक सांगतो, ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. लाल टोपीवालीचं एक तोंडी रूप मध्य फ्रान्समध्ये, निएव्र भागात, १८८५ च्या सुमारास नोंदवलं गेलंय. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते पेरोच्या छापील गोष्टीवरून आलेलं नाही, खेड्यातल्या जुन्या परंपरेतलं आहे. त्यात लाल टोपी नाही, शिकारी नाही. मुलगी लांडग्याशेजारी पलंगावर आहे. तिला कळतं. ती म्हणते, आजी, मला जोरात परसाकडे लागलीय. तो म्हणतो, इथेच कर. ती म्हणते, नाही गं आजी, बाहेर जाऊ दे. तो तिच्या पायाला दोर बांधून सोडतो. ती बाहेर जाऊन तो दोर अंगणातल्या झाडाला बांधते आणि पळून जाते. हा आतून ओरडतोय, झालं का? झालं का?

आई काही क्षण नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

आई : अरे, ही तर आपली भोपळ्यातली म्हातारी! वाघाला सांगते, आत्ता मी हाडाची काडी, लेकीकडून जाडजूड होऊन येते मग खा. आणि येते ती भोपळ्यात बसून. तिलाही शिकारी लागला नव्हता. मग तुझ्या या पोरीला शिकारी कोणी लावला?

भाऊ : शहरातल्या लिहिणाऱ्यांनी.

आई : आणि आता तू पिझ्झा लावलास. एवढं हातात असताना! ‘परसाकडे लागलीय’ म्हटल्यावर बालनाट्याला आलेली पोरं खुर्च्यांवरून खाली पडतील. पण कधी? तो लांडगा खरोखर खाणार असेल तर. गाजरवाल्यापासून पळून जायला कोण दोर सोडवत बसेल?

भाऊ : आईबाप तक्रार करतील, परसाकडे म्हणून.

आई : आईबापांचा विनोद तू आधी पुरवलाच आहेस, ते सांभाळून घेतील.

संहिता परत गेली. पुन्हा आली तेव्हा लांडगा मांसाहारी झाला होता, शिकारी गेला होता, दोर आणि झाड आलं होतं, आणि शेवटी डोणीतल्या पाण्याचा प्रवेश होता. सॉसेजच्या जागी सुक्या बोंबलांचं कालवण, त्याला वास सॉसेजपेक्षा जास्त सुटतो, असं भावाचं म्हणणं. पिझ्झा एका वाक्यापुरता शिल्लक आहे. त्यावर तो हटून बसला आहे आणि आईने तेवढं सोडून दिलं आहे. माझ्या मते तेही जायला हवं. चिऊकाऊचं अजून ठरलेलं नाही, कारण कावळ्याने शेवटी दार उघडायचं की नाही यावर दोघांचं एकमत होत नाही.

प्रयोग मे महिन्यात आहेत. मुलांना घेऊन या, पण आदल्या रात्री घरी लाल टोपीवालीची सरळ गोष्ट एकदा सांगून आणा. शिकारी ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.